सुल्मा रेतामारची दुसरी सिस्टिम

सुल्मा रेतामारला राग येतो हे पुएर्तो लासारो या नदीकाठच्या बंदरगावात सगळ्यांना ठाऊक होतं. तो कशाचा येतो, हे विचारायची तसदी मात्र फारशी कुणी घेतली नव्हती. बेकरीवाला म्हणायचा, बाईचा स्वभावच तसला. पाद्रीबाबा म्हणायचे, बिचारीला दिसत नाही, म्हणून चिडते. हे दुसरं सुल्माच्या कानावर आलं तेव्हा ती बहिणीला म्हणाली, "दिसत नाही म्हणून नाही चिडत मी. दिसणाऱ्यांच्या वागण्यानं चिडते. जा, सांग जाऊन त्यांना."

बहीण एल्बा सांगायला गेली नाही. ती धाकटी, विधवा, स्वभावानं मऊ. सकाळभर ताज्या पास्त्याच्या दुकानात रवियोली भरायची आणि दुपारी घरी येऊन आंघोळ करेपर्यंत तिच्या केसांत पीठ असायचं. दोघी वडिलांच्या घरात राहत होत्या, नदीपासून तीन गल्ल्या वर.

सुल्माची दृष्टी चौथ्या वर्षी गोवरात गेली. वडील बंदरावर पडावांतल्या धान्याचं वजन करणारे. त्यांनी शेजारपाजारचं न ऐकता पोरीला सातव्या वर्षी राजधानीतल्या अंधशाळेत घातलं. तिथे ती टाईपरायटर शिकली आणि अशी शिकली की मास्तरीण म्हणायची, त्या यंत्राला श्वास घ्यायला तरी वेळ दे गं. एकतिसाव्या वर्षी नगरपरिषदेनं जागा काढली. बैठकांमध्ये जे बोललं जातं ते कॅसेटवर ऐकून शब्दन् शब्द टाईप करायचं. परीक्षेला अकरा जण होते. सुल्मा सगळ्यांच्या आधी उठली आणि तिच्या कागदांत एकच चूक निघाली, तीही नगरसेवकानं नाव चुकीचं उच्चारल्यामुळे. तेव्हापासून सव्वीस वर्षं दर गुरुवारची बैठक तिच्या बोटांखालून जात होती. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, सीडी जाऊन पेनड्राईव्ह आला. कोण बोलण्याआधी घसा खाकरतो, कोण उत्तर नसलं की कागद चाळत बसतो, कोण 'मी थोडक्यात सांगतो' म्हणून पाऊण तास खातो, हे तिच्याइतकं गावात कुणालाच माहीत नव्हतं. लोक कौतुक करायचे, देवानं डोळे घेतले पण कान काय तेज दिलेत! त्यावर ती फणकारायची, "माझे कान तुमच्यासारखेच आहेत. मी ऐकते, तुम्ही ऐकत नाही, एवढाच फरक."

तिचा संगणक बारा वर्षांचा होता. टेबलाखाली उभा डबा, पुढे दणकट कीबोर्ड, पायाशी तीन पट्ट्यांचं पेडल. उजवी पट्टी दाबली की रेकॉर्डिंग पुढे, डावी दाबली की चार शब्द मागे, मधली दाबली की थांब. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम होता. तो तिनं दोन वर्षं पै-पै साठवून घेतला होता. त्यातला आवाज माद्रिदच्या कुणा नाकात बोलणाऱ्या सद्गृहस्थाचा. सुल्मा त्याला इतक्या वेगानं पळवायची की एल्बाला तो मधमाश्यांचा घोंघाट वाटायचा. हा प्रोग्रॅम आणि ते पेडल, दोन्ही त्या जुन्या सिस्टिमवरच चालत. नवीन सिस्टिमला त्यांची ओळखही नव्हती.

मार्च महिन्यात नगरपरिषदेतून नोएमीचा फोन आला. नोएमी सचिवालयात कारकून होती. पेनड्राईव्ह पाकिटात घालून पाठवणं हे तिचं काम.

"सुल्मा, चांगली बातमी! आता पेनड्राईव्हची कटकट संपली. एक तारखेपासून रेकॉर्डिंग आपल्या नव्या पानावर मिळणार. तिथूनच उतरवायचं, टाईप झालं की तिथेच चढवायचं."

"आणि ते पान माझ्या संगणकावर उघडेल का, हे कुणी बघितलं?"

"सगळ्यांकडे उघडतं गं."

सगळ्यांकडे उघडत होतं, सुल्माकडे उघडलं नाही. सद्गृहस्थ नाकातून एवढंच म्हणाला, 'हे पान दाखवता येत नाही.' तिनं पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा त्यानं तेच सांगितलं, त्याच सुरात, जणू ही तिचीच चूक.

एल्बानं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. गास्तोनचं दुकान चौकात होतं, मोबाईलच्या काचा बदलण्यापासून सगळं करायचा. तो आला, खुर्ची ओढून बसला, माउस हलवला, जीभ टाळूला लावून टॉक् केलं.

"हे म्युझियममधलं आहे," तो एल्बाला म्हणाला. "यावरच्या सिस्टिमला कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडलंय. नवं ब्राउझर यावर चढणारच नाही. फॉरमॅट मारतो, सगळं पुसून नवीन टाकतो. नाहीतर मग नवा घ्यायला सांगा त्यांना."

"माझा वाचणारा प्रोग्रॅम नव्यावर चालत नाही," सुल्मा म्हणाली. "पेडलही नाही. जुनं राहू दे आणि शेजारी दुसरी सिस्टिम टाका. तसं करता येतं, मी ऐकलंय."

गास्तोननं माउस सोडला. मग पुन्हा एल्बाकडेच वळून म्हणाला, "त्यांना थोडंफार तरी दिसतं का?"

एल्बानं उत्तर द्यायच्या आत सुल्मा उठून उभी राहिली.

"त्यांना ऐकू येतं," ती म्हणाली. "आणि बोलताही येतं. संगणक माझा, काम माझं, तुम्हाला बोलावण्याचे पैसे माझे, आणि तुम्ही माझ्याच घरात माझ्याबद्दल माझ्या बहिणीला विचारताय? मी काय फ्रिज आहे?"

"बाई, माझ्या मनात तसं काही..."

"दोन सिस्टिम शेजारी शेजारी टाकता येतात की नाही? हो किंवा नाही."

"येतात, पण तुमच्या काय उपयोगाचं? सुरू करताना यादी येते, त्यातून निवडावं लागतं. ती बघावी लागते. तुम्हाला कुणीतरी लागणारच ना प्रत्येक वेळी."

"दार तुमच्या मागे आहे. तेवढं तर तुम्हाला दिसत असेल," सुल्मा म्हणाली.

गास्तोन गेल्यावर एल्बानं मातेच्या पाल्यावर गरम पाणी ओतलं. दोघी एकाच नळीतून आळीपाळीनं कडू घोट घेत बसल्या.  "अगं, पोरगा वाईट नाहीये," एल्बा म्हणाली. "तेच तर!" सुल्मा उसळली. "वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात."

दुसऱ्या दिवशी तिनं आन्सेल्मोला फोन लावला. आन्सेल्मो किरोगा दूरच्या कातामार्काचा, पियानो जुळवण्याचा धंदा करून म्हातारा झालेला, जन्मापासून आंधळा. दोघांची भेट कधीच झाली नव्हती. अंध लोकांची एक ईमेलची पत्रयादी होती, संगणकाच्या अडीअडचणी एकमेकांना विचारायची. तिथे पाच वर्षांपूर्वी दोघांचं स्वल्पविरामावरून भांडण झालं होतं आणि तेव्हापासून ओळख होती.

"एवढंच ना?" सगळं ऐकून तो म्हणाला. "दुसरी सिस्टिम तू स्वतः टाकशील. फुकट मिळते ती, जगभरचे लोक मिळून बनवतात. आणि ती टाकताना बोलते."

"म्हणजे?"

"डिस्क आत घालायची, संगणक चालू करायचा. थोड्या वेळानं एक बीप वाजते. वाजली की एस दाबायचं, मग एंटर. त्यानंतर ती स्वतः सगळं वाचून दाखवते. एक दाबा म्हणजे हे, दोन दाबा म्हणजे ते. मी तीन संगणकांवर टाकलीये. माझ्या घरात तर दिवासुद्धा नाही."

 यावर सुल्मा जे बोलली ते आन्सेल्मोला अपेक्षित नव्हतं.

"हे कधीपासून आहे?"

"झाली की बरीच वर्षं."

"बरीच वर्षं! आणि मला कुणी सांगितलं नाही? तो चौकातला शहाणा, नगरपरिषदेचा तो संगणकवाला, ते अंधांच्या संस्थेचे लोक जे दर डिसेंबरला मला पांढरी काठी भेट देतात, यातल्या एकालाही माहीत नव्हतं? की माहीत होतं आणि वाटलं, हिला काय करायचंय?"

"मलाही तू कधी विचारलं नाहीस," आन्सेल्मो म्हणाला. "माझ्यावर ओरडून काय होणार. डिस्क पाठवतो."

डिस्क रात्रीच्या बसच्या टपालातून तिसऱ्या दिवशी आली. आन्सेल्मोनं पाकिटावर ब्रेलमध्ये ठोकलं होतं: 'घाई करू नकोस. आधी सगळ्याची नक्कल.'

सुल्मानं घाई केली नाही. सव्वीस वर्षांतलं जेवढं संगणकात होतं तेवढं तिनं दोन पेनड्राईव्हवर उतरवलं. एक कपाटात ठेवला, एक एल्बाच्या शिवणाच्या डब्यात. मग आन्सेल्मोच्या सांगण्यावरून जुन्या सिस्टिमला तिच्याच अवजारानं आखडून कमी जागेत बसवलं. संगणकाच्या आतल्या डिस्कचा एक मोठा तुकडा रिकामा सुटला. सद्गृहस्थानं आकडा वाचून दाखवला तेव्हा ती एल्बाला म्हणाली, "खोलीत मधे भिंत घातली बघ. इकडे जुना भाडेकरू, तिकडे नवा."

"आणि भिंत कोसळली तर?"

"तर गुरुवारची बैठक गास्तोन टाईप करेल."

शनिवारी जेवणानंतर, गाव दुपारच्या झोपेत असताना, सुल्मानं मोबाईल टेबलावर ठेवला. पलीकडे आन्सेल्मो होता. एल्बाला तिनं बजावलं, "तू बस, पण बोलू नकोस." एल्बा भिंतीशी स्टूल घेऊन विणत बसली.

डिस्क घरघरली. बीप वाजली. सुल्मानं एस दाबलं, एंटर दाबलं. मग काहीच नाही. अर्ध्या मिनिटाचं काहीच नाही म्हणजे किती लांब असतं हे तिला त्या दिवशी कळलं. आणि एकदम खोलीत कुणीतरी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलायला लागलं, तेही इंग्रजीत.

"हा कोण?" एल्बा न राहवून म्हणाली.

"गप! भाषांची यादी वाचतोय," फोनमधून आन्सेल्मो म्हणाला. "स्पॅनिशचा आकडा येईपर्यंत ऐक. तो टाईप कर, एंटर."

सुल्मानं ऐकलं, आकडा टाईप केला. पत्र्याचा डबा स्पॅनिश बोलायला लागला. विदेशी माणसानं पाठ केलेलं भाषण म्हणावं तशी, पण कळत होती. देश विचारला, कीबोर्ड विचारला, संगणकाचं नाव काय ठेवायचं ते विचारलं. तिनं 'लबाड' ठेवलं. आजवर कुठल्याही यंत्रानं तिला सरळ काही विचारलं नव्हतं, नेहमी कुणीतरी मधे असायचं. ती खुर्चीत ताठ झाली.

मग डिस्कच्या वाटणीची पायरी आली. डबा बोलला: एक, सलग असलेली सर्वांत मोठी रिकामी जागा वापरा. दोन, संपूर्ण डिस्क वापरा.

"थांब," आन्सेल्मो म्हणाला. "इथे लोक मरतात."

"माहितीये."

"दोन दाबलंस तर तुझा माद्रिदवाला, पेडल, सगळं..."

"आन्सेल्मो, मला ऐकू येतं. एक."

तिनं एक दाबलं. डब्यानं वाटणीचा सगळा हिशेब वाचून दाखवला. तिनं तो दोनदा ऐकला. जुन्या तुकड्याचा आकडा तसाच होता, त्याला धक्का लागलेला नव्हता. शेवटी त्यानं विचारलं, बदल डिस्कवर लिहू का? एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. एल्बाच्या सुया थांबल्या होत्या. सुल्मानं एक दाबलं.

तास दीड तास ते काम चाललं. आन्सेल्मोनं मधे दोनदा फोन ठेवला आणि पुन्हा केला. शेवटी डिस्क बाहेर आली, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, एक बीप वाजली, थोडी शांतता गेली आणि तोच पत्र्याचा आवाज स्वागत करायला हजर झाला. सुल्मानं नवं ब्राउझर उघडलं, नगरपरिषदेचं पान उघडलं. उघडलं!

"आन्सेल्मो, उघडलं!"

"मग? मी काय सांगत होतो?"

पण पुन्हा बंद-चालू केलं तेव्हा पत्र्याचा डबाच आला. तिसऱ्यांदा केलं, तरी तोच. माद्रिदचा सद्गृहस्थ कुठेच नव्हता. 

"गेला," ती म्हणाली. "पुसला गेला. सव्वीस वर्षं."

"गेला नाही. बीप वाजली की यादी येते. नवी सिस्टिम पहिली, जुनी खाली कुठेतरी. पाच सेकंदांत काही दाबलं नाहीस तर नवीच सुरू होते."

"आणि ती यादी बोलत नाही?"

"नाही. ती मुकी आहे."

आता मात्र सुल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे सगळं घर बोलतं आणि दरवाजा मुका? कुणाच्या डोक्यातून निघालं हे? तो गास्तोन बरोबर ठरला म्हणजे! त्याला बरोबर ठरवण्यासाठी मी आठवडाभर झटले का?"

"तुझी बहीण आहे ना तिथे? एकदा तिला वाचायला सांग, जुनी कितव्या ओळीवर आहे. पुढे तू मोजशील."

सुल्मानं हातांची घडी घातली. एल्बानं विणकाम खाली ठेवलं.

"मी इथे दोन तास बसलेय," एल्बा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा मऊ नव्हता. "कातामार्काच्या माणसाला तू विचारतेस, ज्याला कधी भेटली नाहीस. आणि मी चार ओळी वाचल्या तर तुझा अपमान होतो. माझे डोळे काय गास्तोनचे आहेत?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. तू बोलू नकोस म्हणालीस, मी बोलले नाही. लावणार असशील तर लाव यंत्र."

सुल्मानं यंत्र बंद करून चालू केलं. बीप वाजली. एल्बा वाकून घाईघाईनं म्हणाली, "पहिली नवी. दुसरी त्याच नवीचे जादा पर्याय का काय. तिसरी तुझी जुनी." सुल्मानं खाली जाणारी कळ दोनदा दाबली, मग एंटर. थोड्या वेळानं नाकातला आवाज आला. दोघी एकदम हसल्या आणि फोनमधून आन्सेल्मो ओरडला, "मेलो की काय मी? कुणीतरी सांगा मला!"

संध्याकाळपर्यंत तिनं यादीची पाच सेकंदं वाढवून वीस केली. बीप, दोनदा खाली, एंटर. पुढे ती हे मातेचं पाणी तापत ठेवता ठेवता करायला लागली.

सोमवारी सकाळी, एल्बा दुकानात गेल्यावर, ती नव्या सिस्टिममध्ये बसली. पान उघडलं, नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. पत्र्याचा आवाज म्हणाला: 'आपण यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी चित्रात दिसणारी अक्षरं लिहा.' आणि मग: 'चित्र.'

तिनं पुन्हा ऐकलं. 'चित्र.' ऐकण्याचा दुसरा काही पर्याय आहे का, म्हणून सगळं पान खालपासून वरपर्यंत चाळलं. नव्हता.

एल्बा दोन वाजता आली तेव्हा सुल्मा तशीच बसलेली होती. जेवलेलीही नव्हती.

"मी माणूस आहे हे मला सिद्ध करायचंय," ती म्हणाली. "आणि ते दिसल्याशिवाय करता येत नाही म्हणे."

एल्बानं पडद्यावरची वाकडीतिकडी अक्षरं वाचली. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा जमलं. रेकॉर्डिंग उतरलं. पण पान अर्ध्या तासानं बाहेर काढायचं आणि पुन्हा नवं चित्र. शिवाय एल्बा सकाळभर दुकानात. सुल्मानं ती एक बैठक टाईप करून दिली आणि मग काठी घेऊन नगरपरिषदेत गेली.

"अय्या, चढवलंस की सगळं!" नोएमी म्हणाली. "कुणी करून दिलं गं तुला?"

"मी केलं."

"नाही, म्हणजे संगणकाचं. नवीन सिस्टिम वगैरे कुणी..."

"मी. नोएमी, मी. ते चित्र काढा तिथून."

नोएमीनं आवाज खाली आणला. चित्र सुरक्षेसाठी आहे. ते काढायचं तर अध्यक्षांची सही लागेल. आणि खरं सांगायचं तर अध्यक्ष म्हणत होते की आता आवाजाचं आपोआप लिखाण करणारे प्रोग्रॅम निघालेत, तर सुल्माबाईंना उगाच त्रास कशाला, इतकी वर्षं केलं, आता आराम करावा.

"त्रास मला होतोय हे त्यांना कुणी सांगितलं?"

"काळजीनं म्हणाले गं."

अध्यक्ष म्हणजे डॉक्टर बोर्देनावे. होते वकील, पण तिकडे वकिलालाही डॉक्टर म्हणतात. दोनदा तिनं त्यांची भेट मागितली, दोनदा ते गडबडीत होते. तेव्हा सुल्मानं अर्ज भरला. दर बैठकीत एक खुर्ची नागरिकासाठी असते. नाव नोंदवलं तर दहा मिनिटं बोलता येतं. सव्वीस वर्षांत त्या खुर्चीवरून लोकांनी खड्ड्यांबद्दल, कुत्र्यांबद्दल, एकदा शेजाऱ्याच्या ट्रम्पेटबद्दल भाषणं केली होती. ती सगळी तिनं टाईप केली होती. स्वतः ती त्या सभागृहात कधी बसली नव्हती.

गुरुवारी एल्बानं तिला निळा कोट घालायला लावला. सभागृहात लाकडाच्या मेणाचा वास होता. आवाज सगळे ओळखीचे होते, फक्त ते कुठल्या बाजूनं येतात हे तिला नवीन होतं. खाकरणारे नगरसेवक फेरेइरा डावीकडे होते. तिला ते नेहमी मधे वाटायचे.

"श्रीमती रेतामार यांना आपण सगळेच ओळखतो," बोर्देनावे म्हणाले. "आपल्या संस्थेच्या जिद्दीचं त्या उदाहरण आहेत. बोला, सुल्माबाई."

"मी उदाहरण नाही, मी तुमची टंकलेखक आहे," सुल्मा म्हणाली. "तुमच्या नव्या पानावर एक चित्र आहे. ते ज्याला दिसत नाही तो माणूस नाही, असं ते पान समजतं. मी बारा वर्षांच्या संगणकावर स्वतःच्या हातानं दुसरी सिस्टिम टाकली, ते पान उघडावं म्हणून. ती टाकताना कुणी मला चित्र दाखवलं नाही. फुकट काम करणाऱ्या परक्या लोकांना सुचलं की एखादी आंधळी बाईसुद्धा हे करेल. माझ्या नगरपरिषदेला सुचलं नाही."

"बाई, हे पान सर्वानुमते मंजूर झालंय," बोर्देनावे म्हणाले. "आणि त्यात कुणाला वगळायचा हेतू मुळीच..."

"तेवीस नोव्हेंबर," सुल्मा म्हणाली. "तेवीस नोव्हेंबरच्या बैठकीत तुम्ही म्हणालात, आणि मी शब्दन् शब्द सांगते: 'या संस्थेचं एकही दार, कागदाचं असो वा विजेचं, कुणाही नागरिकाला बंद राहणार नाही, याची जबाबदारी मी व्यक्तिशः घेतो.' त्यानंतर टाळ्या. टाळ्या मी कंसात टाईप केल्या होत्या. डॉक्टर, व्यक्तिशः म्हणजे तुम्हीच ना?"

कुणीतरी हसलं. फेरेइरा खाकरले. बोर्देनावेंच्या हातातले कागद वाजायला लागले. उत्तर नसलं की ते कागद चाळतात, हे तिला माहीत होतं.

"तुम्हाला संताप आलाय, आणि तो आम्ही समजू शकतो," ते अखेर म्हणाले.

सुल्मानं टेबलावर तळहात आपटला. "समजू नका! चित्र काढा! मला आराम नकोय, मला काम हवंय. आणि जे काही उत्तर द्याल ते जपून द्या. इथे सगळं रेकॉर्ड होतंय आणि टाईप मीच करणार आहे."

चित्र जायला तीन आठवडे लागले. त्याच्या जागी साधा प्रश्न आला, चार अधिक तीन किती. माफी कुणी मागितली नाही. परिषदेच्या बातमीपत्रात मात्र दोन ओळी आल्या: आधुनिकीकरणाच्या मार्गावर आणखी एक पाऊल. एल्बानं वाचून दाखवलं तेव्हा सुल्मानं विचारलं, "पाऊल कुणाचं ते लिहिलंय का?" लिहिलं नव्हतं. तिनं तो अंक बटाट्याच्या सालींखाली अंथरायला दिला.

त्या गुरुवारची बैठक तिनं चित्र गेल्यावरच टाईप केली, जुन्या सिस्टिममध्ये, पेडलवर पाय ठेवून. स्वतःचा आवाज तिनं असा पहिल्यांदाच ऐकला. वाटला होता त्यापेक्षा तो बारीक होता, आणि 'संस्था' म्हणताना आई अडखळायची तसाच अडखळत होता. टाळ्या नव्हत्या. 'हशा' तिनं कंसात घातला, 'टेबलावर हात आपटल्याचा आवाज' हेही घातलं. बोर्देनावेंचं ते वाक्य बरोबर म्हटलं गेलं की नाही, म्हणून मग जुनी फाईल काढली. वाक्य तंतोतंत होतं. तारीख चुकली होती. बैठक सोळा नोव्हेंबरची होती, तेवीसची नव्हे.

ती मधली पट्टी दाबून बसून राहिली.

"काय झालं?" एल्बानं आतून विचारलं.

"आठवडा चुकला माझा. भर सभेत चुकीची तारीख ठोकून दिली मी. आणि त्या माणसाला कळलंही नाही! स्वतः काय बोललो आणि कधी बोललो, हेसुद्धा त्याच्या लक्षात नाही."

"मग सोळा कर की. कोण रेकॉर्डिंग ऐकायला बसतंय?"

"मी ऐकते."

"सुल्मा, तू बोललीस, तूच टाईप करतेस. एक आकडा."

"सव्वीस वर्षं मी यांच्या चुका जशाच्या तशा ठेवल्या. त्या फेरेइरानं एकदा भाषणात आपली पाराना नदी ब्राझीलमध्येच समुद्रात बुडवली, ती मी बुडलेलीच ठेवली. आता माझी चूक आली म्हणून पुसू?"

एल्बा एप्रनला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.  सुल्मानं 'तेवीस' तसंच ठेवलं. लिखाण पूर्ण झाल्यावर खाली वेगळ्या पानावर, स्वतःच्या नावानं, सचिवालयाला दोन ओळींचं पत्र जोडलं: भाषणातली तारीख चुकीची आहे, बैठक सोळाची होती, वाक्य मात्र अक्षरशः तेच आहे, अध्यक्षांनी पडताळून घ्यावं. मग नव्या सिस्टिममध्ये जाऊन चार अधिक तीन म्हणजे सात लिहिलं आणि सगळं चढवून दिलं.